गुरुवारचा साडेचारचा फोन

फोन वाजला आणि हमीदाने तो पहिल्याच घंटेला उचलला. "हॅलो" म्हणाली, क्षणभर ऐकत राहिली, आणि हातात विंचू आल्यासारखा रिसीव्हर तिने माझ्यापुढे धरला.

"हे माझे नाहीत," ती म्हणाली.

मी रिसीव्हर कानाला लावला. जहाजावरून येणारे फोन तेव्हा विहिरीतून आल्यासारखे यायचे. आपण बोललेलं थोड्या वेळाने आपल्यालाच परत ऐकू यायचं. त्या खरखरीतून एक पुरुष विचारत होता, "लक्ष्मी? ए लक्ष्मी, कोण बोलत होतं?"

"मयेकर, मी ऑफिसातून अनघा खातू बोलतेय. लक्ष्मीताई अजून आल्या नाहीत. तुमचा फोन साडेपाचला असतो ना?"

"मला आत्ता बोलावलं. तुझीच वेळ आहे म्हणाले."

"साडेचारला तर इर्शादचा असतो."

"इर्शादचं होऊन तास झाला. तिकडे कोणी उचललाच नाही. तेव्हापासून डेकवर जाऊन उभा आहे, कोणाशी बोलत नाही." मग घाईघाईने तो म्हणाला, "संध्याकाळी कप्तान पुढच्या करारासाठी नावं घेणार आहे. त्याच्या घरचं कोण आहे का तिथे? त्याला काय सांगू?"

मी हमीदाकडे वळले. "त्यांना निरोप देतील म्हणतायत. काय सांगायचं?"

हमीदाने सासूकडे पाहिलं. फातिमाबी भिंतीलगतच्या बाकावर, नेहमीच्या जागी, मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. हमीदाने मान खाली घातली.

"काही नको," ती म्हणाली.

तेवढ्यात लाईन कापली गेली.

ही गोष्ट एकोणीसशे नव्याण्णव सालची, रत्नागिरीची. बावीस वर्षांची होते मी. कॉम्प्युटरचा डिप्लोमा नुकताच झाला होता आणि जहाजांवर खलाशी पाठवणाऱ्या एका कंपनीच्या शाखेत नोकरीला लागले होते. मांडवीच्या रस्त्यावर खाली एक दुकान, वर आमच्या दोन खोल्या. माणसं मी, एक शिपाई आणि शाखेचे मॅनेजर फणसेकरसाहेब. साहेब तरुणपणी स्वतः जहाजावर होते, नंतर कंपनीने त्यांना जमिनीवर बसवलं. पांढऱ्या शर्टाच्या खिशात ते अजून शिट्टी ठेवायचे, कशासाठी कोण जाणे.

जहाजं इंग्लंडमधल्या एका कंपनीची होती. आमच्या किनाऱ्यावरच्या गावांत तेव्हा घरोघरी फोन नव्हते, म्हणून कंपनीने एक सोय केली होती. दर गुरुवारी जहाजावरून इंग्लंडला आणि इंग्लंडहून आमच्या ऑफिसात असा फोन जोडला जायचा. प्रत्येक खलाशाला पाच मिनिटं. बायका एसटीने यायच्या, बाकावर बसायच्या, आपली वेळ झाली की पदर सावरून उठायच्या. पाच मिनिटांत काय काय बोलायच्या! मी कॉम्प्युटरकडे तोंड करून बसायचे, तरी सगळं कानावर पडायचं. कुणाच्या म्हशीला रेडकू झालं, कुणाच्या मुलाने सही शिकली, कुणाच्या दिराने बांध सरकवला. आठवड्यातला तो एक दिवस ऑफिस ऑफिस वाटायचंच नाही.

आधी या फोनांच्या वेळा इंग्लंडहून मॉरीन नावाच्या बाई दर आठवड्याला फॅक्सने कळवायच्या. नाताळानंतर मात्र नवीन कॅलेंडर आलं. कॉम्प्युटरवरचं, दोन्ही ऑफिसांचं मिळून एक. मॉरीनबाईंनी तिकडे फोनची वेळ घातली की इथे ती आपल्या वेळेत दिसायची. मुंबईच्या इंजिनियरने येऊन ते बसवलं, साहेबांनी कॉम्प्युटरपुढे नारळ वाढवला, आणि फॅक्स बंद झाले. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, सगळं सुरळीत चाललं होतं.

हमीदा जयगडकडची. लग्न डिसेंबरात झालं आणि जानेवारीत इर्शाद बोटीवर गेला. पहिल्या गुरुवारी तिने पाचही मिनिटं "हो" आणि "नाही" यांवर काढली होती. फेब्रुवारीत ती हसायला लागली. मार्चमध्ये तर लाईन कापली गेल्यावरही तिचं बोलणं चालू असायचं. दर वेळी सोबतीला फातिमाबी. सुनेवर नजर ठेवायला येतात, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. एक शब्द बोलायच्या नाहीत, फोनला हात लावायच्या नाहीत. मुलाशी दोन शब्द बोलावेत असंही त्यांना कधी वाटलेलं दिसलं नाही.

मागच्या गुरुवारी इर्शादने हमीदाला विचारलं होतं, की करार जूनमध्ये संपतोय, पुढच्या वर्षाच्या करारावर सही करू, की घरी येऊ? घरात विचारून पुढच्या गुरुवारी सांग. तो पुढचा गुरुवार हा होता.

"साहेब," मी आतल्या खोलीत जाऊन म्हटलं, "इर्शादचा फोन साडेतीनला येऊन गेला."

"साडेतीनला कसा येईल? कॅलेंडरात साडेचार आहे."

"तेच तर."

"आणि साडेतीनला इथे कोण असणार? सगळी झोपलेली."

ते खरंच होतं. रत्नागिरीत दुपारी दीड ते चार कुलूप. दुकानं बंद, ऑफिस बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. आम्ही घरी जेवून आडवे होतो आणि इथे बंद खोलीत तो फोन वाजत राहिला होता.

मी कॅलेंडर उघडलं. साडेचार, हमीदा. साडेपाच, लक्ष्मी मयेकर. चूक काही दिसेना. मग मॉरीनबाईंचे मेल काढले. प्रत्येक मेलच्या डोक्यावर तिकडची वेळ असायची आणि तिच्यापुढे एक आकडा. गेल्या शुक्रवारपर्यंत तिथे शून्यं होती. सोमवारच्या मेलवर एक तासाचा आकडा होता.

डिप्लोमाच्या पुस्तकात एका ओळीत वाचलेलं मला आठवलं. थंडीच्या देशांत उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात. परीक्षेत तो प्रश्न आला नव्हता, म्हणून मी ते विसरूनही गेले होते.

"साहेब, इंग्लंडने रविवारी घड्याळ पुढे केलंय."

फणसेकरांनी चष्मा काढला. "घड्याळ म्हणजे काय पालखी आहे, उचलली आणि पुढे नेली?"

"तिकडे अकरा वाजता इर्शादचा फोन लागतो. आतापर्यंत तिकडचे अकरा म्हणजे आपले साडेचार. आता तिकडचे अकरा म्हणजे आपले साडेतीन."

"अगो, मी बोटीवर होतो तेव्हाही ते असले चाळे करायचे, ते माहीत आहे मला," साहेब म्हणाले. "पण ते ह्या यंत्राला कळायला नको? त्यासाठीच तर बसवलं ना ते?"

मग मी तेच शोधायला बसले. कॅलेंडरच्या आत, तीनचार पायऱ्या खाली, इंग्लंडची वेळ कुठली धरायची ते निवडायची एक यादी होती. ग्रीनिचच्या वेळेपुढे त्यात दोन ओळी होत्या. एकीत लंडन होतं. दुसरीत, तिच्या वरच, मोनरोव्हिया. मुंबईच्या इंजिनियरने पहिली दिसली ती निवडली होती. थंडीत दोन्हीकडे एकच वेळ, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पण मोनरोव्हिया आफ्रिकेत. तिथे वर्षभर ऊन. तिथली माणसं घड्याळाला कशाला हात लावतील?

"तू हात लावू नकोस," फणसेकर मागे उभे राहून म्हणाले. "इंजिनियर पुढच्या महिन्यात यायचाय. हे दोन ऑफिसांचं आहे, खातू. काही उलटंसुलटं झालं तर मला जाब द्यावा लागेल."

"नाही लावत. पण इंग्लंडला फोन करू दे."

आयएसडीचा कोड फक्त साहेबांकडे. तो ते कुणाला सांगायचे नाहीत, फोनवर ओणवे होऊन, हाताचा आडोसा करून दाबायचे. त्यांनी दारातून बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. हमीदा टेबलाशी तशीच उभी होती. फोन पुन्हा वाजेल या आशेने एक हात फोनजवळ ठेवलेला. साहेबांनी घसा साफ केला, माझ्याकडे पाठ केली आणि कोड दाबला.

मॉरीनबाईंना मी मेलमधूनच ओळखत होते. आवाज पहिल्यांदा ऐकला. म्हाताऱ्या होत्या, खोकत होत्या. माझं इंग्रजी पुस्तकातलं. एक वाक्य जुळवेपर्यंत साहेब शेजारी अस्वस्थपणे खिशातली शिट्टी चाचपत होते. घड्याळाचं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "पण मुली, इथे लहान मुलालाही ठाऊक असतं ते. तुमच्या कॅलेंडराला ठाऊक नाही?"

"त्याला वाटतंय तुम्ही आफ्रिकेत आहात," मी म्हणाले.

त्या इतक्या हसल्या की खोकल्याची उबळ आली. मग गंभीर झाल्या. आज जहाजाची लाईन भरलेली होती, पुढचा गुरुवार चालेल का, असं विचारू लागल्या. नाही चालणार, मी म्हटलं. त्या मुलाला आज संध्याकाळी उत्तर द्यायचंय आणि त्याला वाटतंय की घरच्यांनी मुद्दाम फोन उचलला नाही. इंग्रजीत एवढंच जमलं. 'वाट बघणं' याला नेमका शब्द मला तेव्हा सुचेना.

मॉरीनबाईंनी तिकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "दुपारी दोनला माझ्या जेवणाची वेळ असते," त्या म्हणाल्या. "तेव्हा लाईन रिकामी असते. पाच मिनिटं देते. दोघांसाठी मिळून पाच, जास्त नाही. आणि हे कुणाला सांगू नकोस."

तिकडचे दोन म्हणजे आपले साडेसहा. बाहेर येऊन मी सांगितलं तेव्हा हमीदाचा चेहरा उजळला आणि लगेच विझला.

"आमची शेवटची गाडी सहाला आहे," ती म्हणाली.

मी काही बोलायच्या आत बाकावरून आवाज आला. इतक्या गुरुवारांत तो मी पहिल्यांदाच ऐकत होते. "जाऊ दे गाडी," फातिमाबी म्हणाल्या. "कुठेतरी राहू."

"आमच्याकडे चला," मी म्हटलं. "आई काही म्हणणार नाही."

सव्वापाचला लक्ष्मी मयेकर आली, डोक्यावर आंब्यांची छोटी करंडी. साहेबांसाठी आणली होती. नवऱ्याचा फोन येऊन गेला हे कळल्यावर आधी तिने आमच्या कॉम्प्युटरला, मग इंग्लंडला, आणि मग नवऱ्याला शिव्या दिल्या. तिच्यासाठी एक अक्षर जास्त का बोलता आलं नाही त्याला! साडेसहाच्या पाच मिनिटांतली अर्धी तिची आहेत, असं मी सांगितलं. ती हमीदाकडे बघत राहिली. करार, सही, संध्याकाळी कप्तान, हे सगळं तिच्या कानावर आलंच असणार. गावं वेगळी असली तरी बोट एकच.

"माझा काय बोलणार आहे?" लक्ष्मी म्हणाली. "पैसे पोचले का आणि आंबे उतरले का. पोचले आणि उतरले, एवढं सांग त्याला, मेहेरबानी कर. बाकीची तू घे गो." आणि साहेबांपुढे करंडी ठेवून ती गाडी पकडायला गेलीसुद्धा.

साडेसहापर्यंत वेळ जाता जाईना. साहेब घरी गेले नाहीत. शिपायाकडून त्यांनी सगळ्यांना चहा आणवला. फातिमाबींनी पिशवीतून रव्याच्या वड्या काढल्या आणि न बोलता सगळ्यांच्या हातावर ठेवल्या. हमीदाने तिची वडी तशीच मुठीत धरून ठेवली.

"हमीदा," मी हळूच विचारलं, "मयेकरांकडे निरोप का नाही दिलास? एकच तर शब्द सांगायचा होता."

"कुठला?" तिने विचारलं. मग तीच म्हणाली, "अब्बांनी सांगितलंय, सही कर म्हणावं. वरचा मजला अर्धाच राहिलाय. मोठ्या दिरांचंही तेच म्हणणं."

"आणि तुझं?"

वडीचा कोपरा तेवढा तुटून तिच्या पायाशी पडला.

फोन वेळेवर वाजला. मॉरीनबाईंचा "गो अहेड" ऐकू आला, मी रिसीव्हर हमीदाच्या हातात दिला आणि कॉम्प्युटरकडे तोंड करून बसले. साहेब खिडकीशी गेले.

"अहो, मी... हो. इथेच होते. अल्लाशपथ इथेच होते. घड्याळाचं काहीतरी झालं... नाही, रागावले नाही. रागावेन कशाला? जेवलात का?" मग बराच वेळ नुसतं "हं". मग तिचा आवाज एकदम कोरडा, पाठ केलेला झाला. "अब्बा म्हणाले की... सगळ्यांचं असं म्हणणं आहे की..."

बाक करकरला. मी वळून पाहिलं. फातिमाबी उठल्या होत्या. सावकाश चालत टेबलापाशी आल्या आणि सुनेपुढे हात केला. हमीदाने घाबरून रिसीव्हर दिला. त्यांनी तो उलटा धरला होता, मी उठून सरळ केला.

"इर्शाद, मी बोलते," त्या म्हणाल्या. "सही करू नकोस."

पलीकडून तो काही बोलला असावा.

"ते मी बघते. तुझ्या अब्बांना मी सांगेन. तू ऐक. तुझे अब्बा तीस वर्षं बोटीवर होते. एकदा दीड वर्षाने आले, तेव्हा तू चार वर्षांचा होतास. रात्री माझ्या कुशीत येऊन तू मला काय विचारलंस, ठाऊक आहे? हा माणूस परत कधी जाणार." त्यांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "त्यांनी ते ऐकलं. झोपले होते असं मला वाटलं, पण जागे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुला जत्रेतली शिट्टी आणून दिली आणि तू ती माझ्याकडे आणून ठेवलीस. घर झालं, बाग झाली, सगळं झालं. पण त्यानंतर तुझे अब्बा घरात पाहुण्यासारखेच राहिले, अजून तसेच आहेत. माझ्या सुनेला मी ते देणार नाही. ये तू."

खिडकीशी उभे असलेले फणसेकर वळले नाहीत. त्यांची दोन्ही मुलं मुंबईला होती आणि दिवाळीलाही क्वचितच यायची, हे मला ठाऊक होतं. त्यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं.

फातिमाबींनी रिसीव्हर सुनेला परत दिला आणि जागेवर जाऊन बसल्या. थोडा वेळ उरला होता. हमीदा आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. खरखर तेवढी चालू होती. शेवटी लाईन जायच्या अगदी आधी ती म्हणाली, "मयेकरांना सांगा, पैसे पोचले आणि आंबे उतरले." आणि रडायला लागली.

त्या दोघी रात्री आमच्याकडे राहिल्या. आईने दारातच फातिमाबींचा हात धरला आणि त्या एकमेकींशी पावसाच्या आधी करायच्या कामांबद्दल बोलत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब माझ्या आधी ऑफिसात हजर. "बदल ते," ते म्हणाले. "मोनरोव्हिया काढ तिथून. इंजिनियरचं मी बघून घेतो." मी लंडन निवडलं आणि सगळे गुरुवार तासभर वर सरकले. दुर्दैवाने त्यांच्याबरोबर साहेबांचं बाकीचं जगही सरकलं. बँकेतली भेट, दातांचा डॉक्टर, भाचीचा साखरपुडा, जे जे इंग्लंडच्या रकान्यात चुकून नोंदलं होतं ते सगळं. एकेक हाताने जागेवर आणायला मला दोन दिवस लागले. साखरपुडा तेवढा राहून गेला. साहेब तिथे तासभर आधी पोचले आणि त्यांना मांडव घालायला मदत करावी लागली. आल्यावर मला काही बोलले नाहीत. गुरुवारी मात्र दुपारी कुलूप लावणं त्यांनी कायमचं थांबवलं. त्या दिवशी आमच्यातला एकजण बाकावर झोपायचा, फोनजवळ.

इर्शाद जूनच्या अखेरीला आला. मी नंतर पुण्याला गेले आणि अजून तिथेच आहे. वेगवेगळ्या देशांच्या वेळा एका कॅलेंडरात नीट बसवायच्या, याच कामाचा आता लोक मला पगार देतात. मार्चअखेर जवळ आली की माझ्या हाताखालची मुलं वैतागतात. मला तेव्हा मांडवीच्या रस्त्यावरच्या त्या दोन खोल्या आठवतात, तिथला उकाडा, आंब्याचा वास, बाकावर पदर सावरून बसलेल्या बायका. आता सगळ्यांच्या हातात फोन आहेत. कोणी कोणासाठी एसटीने येऊन बसत नाही. ते बरंच झालं म्हणायचं.

हमीदा मला मध्यंतरी रत्नागिरीत भेटली, माझ्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं त्या दवाखान्यात. अंगाने भरली होती, केसांत पांढरं आलं होतं. फातिमाबी जाऊन सहा वर्षं झाली, म्हणाली. इर्शाद मिरकरवाड्याच्या बंदरात होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. सासरे पहिली दोन वर्षं त्याच्याशी बोलले नाहीत. मग एके दिवशी आपणहून बंदरावर गेले आणि त्याच्या शेजारी बसून त्याचे पाने-पक्कड पुसून द्यायला लागले. वरचा मजला मात्र अजून अर्धाच आहे.

"अनघाताई, तुम्हाला एक सांगू?" ती म्हणाली. "त्या दिवशी अम्मींनी फोन घेतला नसता तर मी सही करा असंच सांगणार होते."

"पण तुला तर तो यायला हवा होता."

"हवा होता ना. पण मला वाटलं, त्यांना जायचंय. नवीन बोट, नवीन देश... नुसतं विचारायचं म्हणून विचारतायत."

"आणि त्यांना?"

आतून नर्सने तिच्या नावाचा पुकारा केला. हमीदा उठली, पिशवी खांद्याला लावली.

"त्यांना वाटत होतं, मला वरचा मजला हवाय," ती म्हणाली, आणि हसत आत गेली.